बांध टिकला, गाव उठलं

खाडीकाठच्या मुलखात, फार वर्षांमागे, धाकोजी नावाचा एक आखणीकार होता. बांध, पूल, तलाव यांची आखणी तो करी. बाकीचे कारागीर विचारत, "काम कधी उरकेल?" धाकोजी विचारी, "हे माझ्या नातवाच्या नातवाला पुरेल का?" दोन-चार पावसाळ्यांत ढासळेल अशा कामाला तो तयारच होत नसे. त्याचं नाव झालं ते यामुळेच.

ऐन उमेदीत त्याला चांदेवाडीने बोलावलं. चांदेवाडी खाडीला लागून होती आणि तिची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. खारं पाणी आत शिरलं की भात करपून जाई. म्हणून गावाला मातीचा बांध होता आणि बांधात एक लाकडी दार. त्या दाराला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरती आली की लावून घ्यायची. फळ्या कुजत, माती वाहून जाई आणि दर उन्हाळ्यात सगळं गाव चिखलात उतरून बांध पुन्हा लिंपी.

धाकोजीने ते पाहिलं आणि त्याला गावाची कीव आली. त्याने काळ्या दगडाचा बांध घातला, सांध्यांत शिसं ओतलं. उघाडीही दगडाची केली आणि अशी तोलून बसवली, की भरतीने आपोआप मिटावी आणि ओहोटीने आपोआप उघडावी. कुणी खोडी करू नये म्हणून ती दगडी छपराखाली झाकून टाकली आणि वर अक्षरं कोरली, 'कुणीही हात लावू नये.'

"आता खुशाल शेती करा," तो गावकऱ्यांना म्हणाला. "या बांधाकडे फिरकायचीही गरज नाही."

गावाने त्याची मिरवणूक काढली.

तीस वर्षं गेली. धाकोजीने दूरदूरच्या राज्यांत कामं केली, केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले. आपलं सगळ्यांत चांगलं काम एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून तो चांदेवाडीला आला.

बांधाचा एक दगड हलला नव्हता. सांध्यात सुईचं टोक जाणार नाही, असा तो उभा होता. धाकोजीने त्यावरून हात फिरवला आणि हळूहळू पायऱ्या चढून पलीकडे पाहिलं.



पलीकडे शेत नव्हतंच. मीठ फुटलेली पांढरी जमीन, तिवरांची झुडपं आणि चिखलात खेकड्यांची बिळं. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. आपण वाट चुकलो, असंच त्याला वाटलं. त्याने वळून छपराच्या दगडाकडे पाहिलं. अक्षरं त्याचीच होती.

दूर एका खोपटातून धूर निघत होता. तो धडपडत तिथे गेला. एक म्हातारी बाई मासळी वाळत घालत होती. तिचं नाव मथुराबाई.

"बाई, गाव कुठे गेलं?"

"उठलं. चौदा वर्षं झाली," ती म्हणाली. "शेतात खारं पाणी येऊ लागलं. पहिल्या साली वाटलं, पाऊस कमी झाला म्हणून असेल. दुसऱ्या साली भात करपलं. तिसऱ्या साली पेरायला बीच उरलं नाही."

"पण बांध तर शाबूत आहे!"

"बांधाला काय धाड भरलीय! उघाडीत काहीतरी बिघडलं होतं. उघाडी दुरुस्त करणारी आमची जुनी माणसं तोवर गेली होती. पोरांना छपराखाली शिरायचं कुठून, तेही ठाऊक नव्हतं. फोडायला गेले, तर म्हातारे म्हणाले, हात लावू नका असं लिहिलंय, उलट जास्तच बिघडेल. मग बांधणाऱ्याला आणायला माणूस धाडला. तो म्हणे परमुलखात बांध घालत होता. कुठे ते कुणी सांगेना." तिने टोपली खाली ठेवली. "तुम्ही कोण म्हणायचे?"

कुणीतरी वाटसरू, असं सांगून धाकोजीला निघून जाता आलं असतं.

"मीच तो," तो म्हणाला.

आता मथुराबाई शिव्याशाप देणार, असं त्याला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "मग आता तरी सांगा, ते दार उघडतं कुठून?"

दोघं बांधावर गेली. डावीकडचा तिसरा दगड धाकोजीने दाबून सरकवला. आत वाकून पाहिलं, तर उघाडीच्या खाचेत तिवराचा एक ओंडका अडकला होता. मनगटाएवढा जाड, हातभर लांब. त्याच्यामुळे दार भरतीला मिटत नव्हतं. मथुराबाईने हात घातला, दोन हिसके दिले आणि ओंडका बाहेर आला. भरती नुकतीच लागली होती, दगडी दार गपकन मिटलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

धाकोजी मटकन खाली बसला. सूर्य कलला, भरती पुरती चढून दाराला थडकली, तरी त्याला उठवेना.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या आंबेखोलच्या गावकरांचा, म्हणजे गावप्रमुखांचा, निरोप आला. त्यांनाही बांध हवा होता. धाकोजी तिथे गेला, तेव्हा सगळं गाव देवळापुढे जमलं.

"धाकोजीबुवा, आम्हाला चांदेवाडीसारखाच दगडी बांध घाला," गावकर म्हणाले. "चांदेवाडी उठली ती खाडीच्या शापाने, सगळा मुलूख जाणतो. बांध मात्र अजून जसाच्या तसा आहे."

धाकोजीला तोंड उघडायची गरज नव्हती. खरं काय ते मथुराबाईखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. पण तो उभा राहिला.

"शाप नव्हता. माझी चूक होती," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं.

सभेत कुजबुज सुरू झाली.

"मी तुम्हाला मातीचाच बांध आखून देईन," तो म्हणाला. "उघाडी लाकडाची, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. दरवर्षी भात कापून झालं, की ती काढायची आणि नवी करून बसवायची. प्रत्येक घरातून एक बाई, एक पुरुष. यंदा ज्यांनी केली, त्यांनी पुढच्या साली दुसऱ्यांना शिकवायची."

"बुवा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" गावकर ओरडले. "टिकाऊ काम म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही आम्हाला दरसाल चिखलात उतरवणार?"

अर्धी सभा उठून गेली. पण पावसाळा तोंडावर होता, दुसरा आखणीकार मिळेना. कुरकुरत का होईना, आंबेखोलने बांध घातला. धाकोजी तिथेच राहिला. पहिली चार वर्षं त्याने स्वतः शिकवलं. मग गुडघे साथ देईनात, म्हणून तो घरी बसला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका श्रावणात, अवसेच्या सकाळी, खाडीला कुणी कधी पाहिलं नव्हतं असं उधाण आलं. उघाडीच्या फळ्या कडाकडा मोडल्या. धाकोजी काठी टेकत बांधावर पोचला, तर वीस-पंचवीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. पोती टाकून त्यांनी वाट बुजवलीही होती. ओहोटी लागताच काठावर नवी चौकट जोडायचं काम सुरू झालं. ते एक तरुण बाई करून घेत होती. तिचं नाव गोदा.

धाकोजी ओरडला, "अगं, खाच उजवीकडे घे! मी शिकवली तशी!"

गोदाने मानही वर केली नाही. "बाबा, तुमची खाच चुकीची होती. तिच्यात काटक्या अडकत. आम्ही सहा वर्षांपूर्वीच बदलली."

आपल्या कामात चूक आहे, असं धाकोजीला उभ्या जन्मात कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तो तसाच बघत राहिला. संध्याकाळच्या भरतीआधी दार बसलं आणि शेतात थेंबभर खारं पाणी आलं नाही. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने काठी बाजूला टाकली आणि तो ओल्या मातीवर बसून खदखदून हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

यातून मनात ठेवायचं ते हे: पुढच्या पिढ्यांसाठी काही उभारायचं, तर ते त्यांना हाताळता, दुरुस्त करता आणि बदलताही आलं पाहिजे.