दुसरी डिस्क

“पण लोक टर्मिनलला इतकं भितात कशाला, ताई?”

निनाद धायगुडेने हे विचारलं ते काही उत्तर ऐकण्यासाठी नव्हे. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, आणि ते त्याच सकाळी त्याच्या संकेतस्थळावर छापूनही आलं होतं.

कुमुदताई सोवनी एका जुन्या संगणकाचा पंखा ब्रशने झाडत होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी फलटणच्या एका वाचनालयाची मागची खोली मागून घेतली होती. लोकांनी अडगळीत टाकलेल्या संगणकांवर त्या लिनक्स चढवून देत, म्हणजे जुन्या यंत्रावरही नीट चालणारी फुकटची प्रणाली, आणि ती वापरायलाही शिकवत. निनाद त्यांचाच चेला. आता त्याच्या लिनक्सच्या टिपा हजारो लोक वाचत होते, आणि साहेबांची मान जरा ताठ झाली होती.

“तूच सांग, कशाला भितात?”

“सवय नसते म्हणून. हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडली की त्यांना घाम फुटतो. मी आज सगळं एका ओळीत बसवून दिलंय. ओळ उचला, टर्मिनलमध्ये चिकटवा, एंटर दाबा. पेनड्राइव्हवर लिनक्स तयार.”

“करून पाहिलंस?”

“कितीतरी वेळा.”

“कुठे?”

“आभासी संगणकावर. लॅपटॉपच्या आत एक खोटा संगणक तयार करतो आपण, त्यात. चाचण्या सगळे तिथेच घेतात, ताई.”

“आणि बिघडलं तर...”

“पुसायचा, नवा करायचा. कुणाचं काय जातंय?”

ताईंनी ब्रश ठेवला, खणातून एक पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्यापुढे केला.

“खऱ्यावर कर.”

निनादने हसत लॅपटॉप उघडला. लिनक्सची फाइल मोठी, आणि लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून ती त्याने बायकोच्या, वृषालीच्या, सुट्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. ती डिस्क त्याने वायरने जोडली. वृषालीने माळामाळाने हिंडून म्हाताऱ्या मेंढपाळांकडून मेंढरांच्या दुखण्यांवरची औषधं त्यांच्याच आवाजात टिपून आणली होती, ती सगळी त्या डिस्कवर होती. त्यातले काही म्हातारे आता हयात नव्हते. दुसरी प्रत करून देतो, असं निनाद कधीपासून म्हणत होता.

मग त्याने पेनड्राइव्ह लावला. पासवर्ड देऊन सगळे अधिकार हाती घेतले. ओळ त्याला पाठच होती, बोटांनी ती सरसर उमटवली.

ताईंच्या खोलीचा एक दंडक होता. एंटर दाबण्याआधी दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि ही ओळ काय करणार ते समोरच्याला आपल्या शब्दांत सांगायचं. निनादने तो केव्हाच सोडून दिला होता. त्याला तो आता पोरखेळ वाटे.

“हात मांडीवर,” ताई म्हणाल्या.

“ताई, आता मलाही...”

ताईंनी नुसतं त्याच्या हातांकडे बोट दाखवलं. त्याने हात मांडीवर घेतले.

“ही ओळ एक अख्खी डिस्क पुसते आणि तिच्यावर लिनक्स लिहिते.”

“कुठली डिस्क?”

“बी. संगणक डिस्कना लावू तशी अक्षरं देत जातो. आतली ए, बाहेरून लावलेली बी. म्हणजे पेनड्राइव्ह.”

“पुसण्याआधी विचारते?”

“नाही. म्हणून तर झटपट होतं.”

“आणि पुसलेलं परत...”

“येत नाही.”

हे बोलला आणि निनाद थबकला. कशामुळे, ते त्याला कळेना. ओळ तीच होती, अक्षर न अक्षर बरोबर. तरी मांडीवरचे हात उचलेनात.

“दाब ना.”

“दाबतो...”

त्याने बोट एंटरवर नेलं आणि मागे घेतलं. आपण घाबरलोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेही ताईंसमोर, याची त्याला लाज वाटली.

“बरं, मी दाबते.”

ताईंचं बोट सावकाश पुढे येऊ लागलं.

निनादची नजर लॅपटॉपच्या कडेला गेली. तिथे एक नाही, दोन वस्तू लावलेल्या होत्या. आधी डिस्क, मग पेनड्राइव्ह. आतली ए. मग बी... म्हणजे वृषालीची डिस्क.

त्याने ताईंचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

त्याच्या खोट्या संगणकाला बाहेरून कायम एकच वस्तू लावलेली असे. तिथे बी म्हणजे पेनड्राइव्हच असायचा. दुसरं काही असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोकळ्या हाताने त्याने वृषालीच्या डिस्कची वायर उपटली.

“ताई... लेख सकाळपासून संकेतस्थळावर आहे.”

त्याने फोन काढला आणि एका अंगठ्याने लेखाच्या डोक्यावर लिहिलं, ही ओळ वापरू नका. पण ज्यांनी ती आधीच उचलली होती, त्यांचं काय? खाली प्रतिक्रिया होत्या. शेवटची लोणंदच्या एका निवृत्त मास्तरांची. ‘सर, तुमच्या भरवशावर आज पहिल्यांदाच टर्मिनल उघडतोय. नातवंडांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून झाले की लगेच करतो.’

निनादच्या डोळ्यांपुढे ते म्हातारं बोट आलं, आणि त्या घरात त्याला अडवायला दुसरं कुणीच दिसेना.

‘मास्तर, थांबा. एंटर दाबू नका.’

उत्तर येईना. त्याने पुन्हा लिहिलं, थांबा. फोनचा पडदा विझला, त्याने तो पेटवला. पुन्हा विझला...

मग अक्षरं उमटली. ‘थांबलो. दाबणारच होतो. काय झालं, सर?’

निनादला हुश्श म्हणणंही जमलं नाही. बाकीच्यांचं काहीच कळत नव्हतं. त्याने ताईंकडे पाहिलं.

“काय लिहू यांना?”

ताईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो अजून त्यांच्या मनगटावर होता आणि थरथरत होता.

“हे लिही. लोक भितात कशाला, ते.”