अक्का सभासद झाल्या

“...पण मग पोरं येत का नाहीत, अक्का?”

दिनकरराव घळसासींनी हे विचारलं तेव्हा अक्का आपल्या मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कंची पोरं?”

“तरुण. वीस-पंचवीसची. आमच्या मंडळात.”

“कसलं मंडळ? भजनी?”

दिनकररावांना हे जरा लागलं. साऱ्या तालुक्याला ठाऊक असलेलं मंडळ, आणि मैलभरावरच्या मठात त्याचा पत्ता नसावा!

“संगणक मित्र मंडळ. गावात कॉम्प्युटर नवा नवा आला तेव्हा सुरू केलं. मी आणि मुकुंदानं.”

मुकुंदाचं नाव निघालं तसे अक्कांचे हात थांबले. मग पुन्हा एक शेंग फुटली.

मुकुंद पोळ अक्कांकडे नेहमी यायचा. सायकल मारत, ओढ्याच्या वाटेनं. दिनकरराव त्याला हसायचे. “दिवसा प्रोग्राम लिहितोस आणि संध्याकाळी मठात जाऊन बसतोस. तुझी वायर कुठंतरी ढिली आहे, मुकुंदा.” मुकुंद म्हणायचा, “असेल. म्हणून तर जातो.”

मुकुंदाचं वर्षश्राद्धही होऊन गेलं. आणि आज दिनकरराव स्वतःच त्या वाटेनं आले होते. विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, हे त्याचं खरं कारण. पण ते कबूल करायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

“येत्या रविवारी सभा आहे,” ते म्हणाले. “मंडळ बंद करायचं का, एवढाच विषय. उरलेत ते सगळे माझ्याच वयाचे. गुडघ्यांवर जास्त बोलतात, कॉम्प्युटरवर कमी. मी अध्यक्ष. मी हो म्हटलं की संपलं.”

“मग म्हन की.”

“अक्का!”

“का? जड जातंय?”

दिनकररावांनी घसा खाकरला. सारखं करायला उपरणं नव्हतं, म्हणून चष्माच पुसला.

“मुकुंदा दवाखान्यात होता तेव्हा मी त्याला शब्द दिला होता. म्हटलं, तू बरा होऊन ये, मंडळ आहे तसं सापडेल.”

अक्कांनी फोलपटं बाजूला सारली.

“सगळं करून पाहिलं हो. कॉलेजात फलक लावले. वर्गणी माफ केली. युवा विभाग काढला, त्याची वेगळी पाटी केली. गरम बटाटेवडे ठेवले. पहिल्या रविवारी खोली भरली. पुढच्या रविवारी निम्मी. त्याच्या पुढच्या रविवारी वडे आम्हीच खाल्ले.”

“वडं चांगलं व्हतं?”

“अं?... हो. चांगले होते.”

“मग वड्याचा काय दोष न्हाई,” अक्का म्हणाल्या. “शिकवलंस काय?”

“संगणकाचा इतिहास. दोन तास. पार सुरुवातीपासून. जुन्या फ्लॉप्या हातोहात फिरवल्या. एक पोरगा जांभया देत होता, त्याला उभा केला.”

“बरं केलंस. उभ्यानं जांभई चांगली येती.”

अक्का चेष्टा करताहेत की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. नव्वदीला टेकलेला चेहरा. त्यावर इतक्या सुरकुत्या, की हसू आलं तरी कुठल्या सुरकुतीत शोधायचं?

“या पोरांना जिज्ञासाच नाही,” दिनकरराव चिडून म्हणाले. “बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबसुद्धा घाबरत होते. मी शिकलो. मग अख्ख्या तालुक्याला शिकवलं. मराठी टायपिंग म्हणू नका, ऑनलाइन फॉर्म म्हणू नका... विचारा कुणालाही.”

“तुला काय येतंय ते तालुक्याला ठावं हाय,” अक्का म्हणाल्या. “त्या पोरांस्नी काय येतंय, ते तुला ठावं हाय का?”

“ते कसं ठाऊक असणार? ती बोलतील तर ना!”

“बोलत न्हाईत?”

“तेच तर दुखणं आहे. ही पोरं पहिल्या दिवशी आली तेव्हाच त्यांचे नंबर घेतले, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये घातले. दर रविवारी सकाळी सूचना टाकतो. विषय, वेळ, वक्ता. शेवटी आवर्जून लिहितो, की आपल्या सूचनांचे स्वागत आहे. एक अक्षर उलट येत नाही. जिवंत आहेत की नाहीत, तेही कळत नाही.”

“ती पोरं ग्रुप सोडून गेली का?”

“नाही. आहेत.”

“का बरं?”

हा प्रश्न दिनकररावांना कधी पडलाच नव्हता.

अक्कांनी हात झटकले. शेजारच्या गाठोड्यातून एक कापडी पिशवी काढली. पिशवीतून फोन निघाला. पुण्याच्या कुणा भक्तानं दिलेला. अक्कांना वाचता यायचं, पण आता डोळ्यांना अक्षर सापडत नव्हतं. त्या बटण दाबून बोलायच्या, आणि कुणी बोललेलं ऐकायच्या.

“मला घे,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“तुझ्या मंडळात. तरनी न्हाई मी. पर हाय.”

दिनकररावांना हसावं की रडावं ते कळेना. आपणहून ‘मला घे’ म्हणणारा वर्षभरातला पहिला सभासद, आणि तो नव्वदीचा! तरी त्यांनी नंबर घेतला आणि अक्कांना ग्रुपमध्ये घातलं. नियम म्हणजे नियम, म्हणून “मंडळात आपले स्वागत आहे” असंही म्हणाले.

अक्कांनी फोन नाकाशी धरला. अंगठा पडद्यावर फिरू लागला.

“बोलायचं बटन कुठं हाय?”

“खाली. उजवीकडे.”

“न्हाई.”

“असतंच, अक्का.”

“बाकीच्यात असतंय. तुझ्या मंडळात न्हाई. हितं काय तरी लिव्हलंय. वाच बघू.”

दिनकररावांनी फोन घेतला. आयुष्य माणसांना न सापडणारी बटणं शोधून देण्यात गेलेलं. त्याच सवयीच्या शांतपणानं त्यांनी चष्मा सारखा केला आणि सभेत इतिवृत्त वाचावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“फक्त ॲडमिन...”

आवाज खाली आला.

“...मेसेज पाठवू शकतात.”

“ॲडमिन म्हंजी कोन?”

“मी.”

“आनी?”

“आणि कुणी नाही. मुकुंदा होता.”

ओढ्याच्या बाजूनं म्हशी चालल्या होत्या. त्यांच्यामागचा गुराखी लांबूनच अक्कांना हात जोडून गेला. अक्कांनी पुन्हा एक शेंग उचलली.

दिनकररावांनी स्वतःचा फोन काढून पाहिला. त्यांच्या पडद्यावर ती ओळ नव्हती. तिथं लिहायची जागा मोकळी होती, नेहमीसारखी. कुलूप त्यांनीच लावलेलं, पण त्यांना दार कायम उघडंच दिसत आलं होतं. आणि ते लावलं होतं, हे ते चक्क विसरून गेले होते.

“चार दिवसांसाठी केलं होतं,” ते हळू म्हणाले. “मुकुंदाच्या दहाव्याला. मी त्याच्यावर लिहिलं होतं. रात्रभर बसून. आणि सकाळी त्याच्या खाली कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं. शुभ सकाळ. त्याच्या खाली एकानं नवरा-बायकोचा विनोद... मला सहन झालं नाही, अक्का. वाटलं, यांची तोंडं बंद करावीत.”

“केलीस.”

“हो.”

आणि मग दिनकरराव रडले. दहाव्याला ते रडले नव्हते. अध्यक्ष होते, सगळ्यांना सांभाळायचं होतं. आता मात्र ओट्यावर बसून, हातात दोन दोन फोन घेऊन, लहान पोरासारखे रडले.

अक्कांनी त्यांना रडू दिलं. मग मूठभर सोललेले दाणे त्यांच्यापुढे सरकवले.

“खा. आनी उघड.”

दिनकररावांनी डोळे पुसले, ग्रुपची सेटिंग काढली. एक बटण इकडचं तिकडे झालं, बस्स.

“उघडलं.”

अक्कांनी आपला फोन घेतला. बटण सापडलं. ते दाबून धरून त्या एवढंच म्हणाल्या, “कोन हाय का रं?”

आणि फोन खाली ठेवला.

...

काही झालं नाही.

“बघितलंत?” दिनकरराव म्हणाले. “कुणी नाही.”

“बैलाचं मुसकं काढलं म्हनून त्यो लगीच हंबरतोय व्हय? दम धर.”

दोघं बसून राहिली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

मग फोन वाजला.

“वाच,” अक्का म्हणाल्या.

“‘हा कुणाचा आवाज आहे?’” दिनकररावांनी वाचलं.

लगेच दुसरा.

“‘काका, चुकून उघडलं वाटतं. बंद करा पटकन.’ आणि पुढे तो हसून हसून रडणारा चेहरा.” दिनकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “हा तोच! जांभईवाला! बघा, मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?”

अंगठा आपोआप सेटिंगकडे निघाला.

अक्कांचा हात त्या अंगठ्यावर येऊन बसला. वाळकुडा, हलका हात. पण दिनकररावांना तो बाजूला सारता आला नाही.

“वाच. मोठ्यानं.”

फोन वाजत होता. दिनकरराव वाचत होते.

“‘काका, इतिहास पुरे आता. फ्लॉपी मला पाठ झाली आहे.’... ‘दोन तास बसवलंत, एकदाही कीबोर्डला हात लावू दिला नाहीत.’... हे आपले जोगळेकर, आमच्यातले: ‘ही पोरं फार शेफारली आहेत, घळसासी, ग्रुप बंद करा.’... आणि हे सुतार, तेही आमच्यातलेच: ‘जोगळेकर, गप बसा. सगळ्यात लांबलचक व्याख्यान तुमचं असतं.’”

अक्कांच्या कुठल्यातरी सुरकुतीत काहीतरी हललं.

“‘आमच्या गल्लीतल्या बायकांना फोनवरून फसवतात. बँकेतून बोलतोय म्हणून सांगतात. त्यावर रविवारी काही करता येईल का, हे मला कधीचं विचारायचं होतं. लिहायला जागाच नव्हती. समीना.’”

दिनकरराव थांबले. हे तर त्यांना येत होतं. बँकेत उभा जन्म गेला होता. हाच विषय कुणीतरी मागावा म्हणून ते वर्षभर वाट बघत होते, आणि मागणारी दाराबाहेर ताटकळत उभी होती.

“फुडं.”

“‘मुकुंदकाका असते तर...’”

दिनकररावांनी चष्मा काढला.

“वाच, लेकरा.”

“‘मुकुंदकाका असते तर त्यांनी आम्हाला बोलू दिलं असतं. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरवर बसू दिलं होतं. ते गेल्यावर मलाही त्यांच्याबद्दल इथं लिहायचं होतं.’”

“कुनाचं हाय?”

“...जांभईवाल्याचं.”

दिनकररावांनी फोन मांडीवर ठेवला. तो तिथंही वाजतच राहिला. आपण मुकुंदाचं दुःख कुलपात घातलं, आणि ते आपल्या एकट्याचंच आहे असं धरून चाललो. पोराला साधा एक शब्द बोलायला मिळाला नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटूनही छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

पण माणूस मुळात अध्यक्ष. पुन्हा फोन उचलून नवे मेसेज वाचू लागले, तशी कपाळावरची आठी परत आली.

“अक्का, हे काही खरं नाही. हे बघा. ‘रविवारी येतो, समोरासमोर बोलू.’ त्याखाली, ‘मीही येते. मला पण बोलायचं आहे.’ आणि हा म्हणतो, ‘व्याख्यान ठेवलंत तर मधेच उठून बोलेन.’ तिकडे जोगळेकर म्हणतात, बघून घेतो. सगळे येणार आहेत, अक्का! आणि येऊन काय करणार? भांडणार! माझ्याशी, एकमेकांशी... इतक्या वर्षांत मंडळात कुणी आवाज चढवला नव्हता. पोरं यावीत म्हणून मी जिवाचं रान केलं, ती काय अशी यायला?”

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शेंगांचं सूप काखेला लावलं. दाराशी गेल्या, आणि उंबऱ्यावर थांबून वळल्या.

“पाव्हना कधी भांडत न्हाई, दिनकर.”