चौकीचा साक्षीदार

राजेसाहेबांना हत्तीसाठी न्हाणीघर बांधायचं होतं, आणि त्याला लागणारा दगड तांबेवाडीच्या टेकडीवर आयता रचून ठेवलेला होता. नदीवर चारचौघांत अंघोळ करताना हत्ती लाजतो, असं राजेसाहेबांचं ठाम मत होतं. हत्तीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

टेकडीवरचा तो दगड म्हणजे पहाऱ्याची जुनी चौकी. दोनशे वर्षांपूर्वी बारा शिपायांनी तिथून खिंड अडवून धरली होती, असं म्हातारी माणसं सांगत. आता एक बुरूज, कंबरेएवढा तट आणि पाण्याचं टाकं एवढंच उरलं होतं. तेवढं तरी टिकावं म्हणून गावातल्या पाच जणांनी ‘चौकी राखण मंडळ’ काढलं होतं. मंडळाचे म्होरके गावचे शिक्षक, धोंडोपंत पंतोजी. ते दर शनिवारी बुरुजाखाली भाषण करत. तिघे जण ते ऐकत. पाचवी हौसा पाथरवटीण. ती तेवढ्या वेळात तटाच्या भेगांत चुना भरून घेई आणि भिंतीत उगवलेले पिंपळ उपटून टाकी.

पाडकामाचा हुकूम आला तसं मंडळ दरबारात गेलं. पंतोजींनी घटकाभर इतिहास सांगितला. त्यातला निम्मा वेळ राजेसाहेबांनी झोपेत काढला आणि जागे झाल्यावर विचारलं, की हे सगळं कुणी पाहिलंय? वाडवडील सांगत आलेत, असं पंतोजी म्हणाले. ऐकीव गोष्टींसाठी आम्ही हत्तीला उघड्यावर ठेवणार नाही, असं राजेसाहेबांनी सुनावलं आणि मिशीला पीळ देत फर्मावलं,

“त्या शिपायांना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आठ दिवसांत हजर करा. जिवंत! नाहीतर नवव्या दिवशी पहार लागेल.”

त्या शनिवारचं भाषण पंतोजींनी रद्द केलं. त्यावरूनच प्रसंग किती बाका आहे ते मंडळाला कळलं. मंडळातल्या तेल्याने आपली आजी सुचवली. पण ती जेमतेम नव्वदीची, आणि तिला सकाळचं जेवणही दुपारी आठवत नसे.

चौकीचा एकेक चिरा हौसाने हाताने चाचपलेला. छिन्नीच्या घावांवरून ते घडवणारा डावखुरा होता, हेसुद्धा तिला कळायचं. त्या चिऱ्यांवर हत्ती पाठ घासणार, ही कल्पनाच तिला सोसवेना. सातव्या दिवशी ती टेकडीवर गेली. काम उरकून टाक्यात हात धुताना तिची नजर पाण्यातल्या एका जुन्या रहिवाशावर पडली, आणि ती तशीच हसत उभी राहिली.

आठव्या दिवशी डोक्यावर ओली पाटी घेऊन ती दरबारात शिरली. पाटीत परातीएवढं कासव होतं, पाठीवर हिरवंगार शेवाळ.

“हा साक्षीदार?” राजेसाहेबांनी विचारलं.

“होय सरकार. चौकीच्या टाक्यात राहतो. माझ्या पणजीनेही याला म्हाताराच पाहिला. शिपायांनी घागरी बुडवल्या त्या याच्याच डोक्यावर.”

कारभाऱ्यांनी वयाचा पुरावा मागितला. साक्षीदाराचं वय साक्षीदारालाच विचारावं, असं हौसाने नम्रपणे सुचवलं.

राजेसाहेबही हटणारे नव्हते. ते गादीवरून उतरले, पाटीपाशी उकिडवे बसले आणि बहिऱ्याला विचारावं तसं मोठ्याने त्याला वय विचारलं. कासवाने चारही पाय आणि मान आत ओढून घेतली.

“हा तर बोलतच नाही.”

“दबकलाय सरकार. आपल्यासमोर दरबारात मान वर करतं तरी कोण?”

सगळ्या मानकऱ्यांनी चटकन माना वर केल्या. मग काय केलं ते लक्षात येऊन पुन्हा खाली घातल्या.

“काही हरकत नाही,” राजेसाहेब इरेला पेटून म्हणाले. “हा साक्ष देईपर्यंत आम्ही थांबू!”

हौसा याचीच वाट बघत होती. साक्ष चालू असताना वादातल्या जागेला हात लावता येतो का, असं तिने कारभाऱ्यांना विचारलं. त्यांनी कायद्याची पोथी उघडली, घसा खाकरला आणि वाचलं, की साक्ष पुरी होईपर्यंत तिथला खडाही हलवायचा नाही.

“मग आमची काही घाई नाही, सरकार,” हौसा म्हणाली. “साक्षीदाराचीही नाही. आणखी शे-दीडशे वर्षं तो सहज विचार करील.”

राजेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कासवाकडे पाहिलं, आणि पागोटं घरंगळून मांडीवर येईपर्यंत ते हसत सुटले. कसला गलका चाललाय ते पाहायला कासवानेही मान बाहेर काढली.

चौकीची राखण राजेसाहेबांनी वंशपरंपरेने हौसाच्या घराण्याला दिली, शिवाय दरसाल वाड्यावरून दहा गाड्या चुना. कासवाला चौकीचा किल्लेदार नेमलं आणि रोज एक काकडी बांधून दिली. पंतोजी आभाराचं भाषण करायला उभे राहिले; पण हौसाने पाटी उचलली होती. ऊन चढायच्या आत किल्लेदारांना टाक्यात पोचवायचं होतं.