भिवराईचं गाडगं

लेकीचा नंबर येईपर्यंत डबा सोडायचा असेल तर पलीकडच्या कडुनिंबाखाली बसा, पाव्हणं. सावली इथं जास्त आहे हे मलाही दिसतं, पण या करंजाखाली कोणी जेवत नाही. वर बघा, त्या आडव्या फांदीला लाल फडक्यात बांधलेलं गाडगं टांगलंय. ॲडमिशनच्या दिवसांत आईबाप पोरांना घेऊन येतात, रांगेला कंटाळून इथं टेकतात आणि विचारतात, एवढ्या मोठ्या आरोग्य विद्यापीठाच्या दारात हे काय, नजर लागू नये म्हणून बांधलंय का? नाही हो. त्यात अस्थी आहेत. मी या गावचा गुरव, गाडग्याची निगा आमच्या घराकडं आहे, तेव्हा नीट ऐकूनच घ्या.

ही सगळी टेकडी पूर्वी गायरानासारखी उघडी होती, म्हणे. मालक हैबती गुंजाळ. त्याची बायको भिवरा. गावात पटकीची साथ आली तेव्हा दोघांची सगळी लेकरं गेली. दवाखाना होता नदीपलीकडं, नदीला पूर, नाव चालेना. लेकरं मांडीवर गेली तिच्या. त्याच साथीत सबनीस नावाचा एक तरुण डॉक्टर पुरातून पोहत गावात आला, असं सांगतात. आला तो इथंच राहिला. हैबतीनं त्याला टेकडी देऊन टाकली. म्हणाला, इथं दवाखाना बांधा, आणि डॉक्टर शिकवून तयार करा, म्हणजे पुढच्या पुरात कोणाला पोहत यायला नको.

दवाखाना झाला. मग सबनीसांनी शाळा काढली डॉक्टरकीची. पत्र्याच्या दोन खोल्या, बाकं गावच्या सुताराची. पण पाहणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, माणसाचं शरीर उघडून शिकवल्याशिवाय डॉक्टर होत नाही, शरीर कुठाय? ते नसेल तर परवानगी नाही. आता त्या काळी कोण देणार हो? अग्नी मिळाला नाही तर माणूस अडकून पडतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. सबनीस दारोदार फिरले. लोकांनी पाणी दिलं, गूळ दिला, पण तो विषय काढला की दार लावून घेतलं. शाळा बंद पडायची वेळ आली.

हैबती तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. त्यानं डॉक्टरला बोलावून घेतलं. "डाक्तर, माणूसच पायजे ना तुमाला? मग मी हाय की."

भिवरानं ऐकलं आणि ती चवताळली. लेकरं गेली, आता नवऱ्याचं दहनही करू द्यायचं नाही? तिनं डॉक्टरला घराबाहेर काढलं, असं सांगतात. हैबती तिला समजावत राहिला, आणि शेवटी ती एका अटीवर तयार झाली. सबनीसांनी नदीचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला की, पोरांचं शिकून झालं की हैबतीचं हाड न् हाड तुमच्या ओटीत घालीन, भिवराबाई. तुम्ही आपल्या हातानं नदीत सोडा.

हैबती गेला. त्याच्यावर पहिली तुकडी शिकली आणि परवानगी मिळाली. पुढच्या सर्वपित्रीला भिवरा नवं गाडगं घेऊन टेकडी चढून आली. डॉक्टर बाहेर आले, हात जोडले. म्हणाले, एवढ्या मजबूत हाडांचा माणूस मी पाहिला नाही. आमच्याकडं दुसरा सांगाडा नाही, नवी पोरं आलीत. एवढी एक तुकडी होऊ द्या. तिनं आत डोकावलं. कुणाकुणाची लेकरं बाकावर बसलेली. ती रिकामं गाडगं घेऊन खाली उतरली.

पुढच्या सर्वपित्रीला परत तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

शाळेचं कॉलेज झालं. बाजूला दातांचं कॉलेज निघालं, त्यांना कवटी आणि जबडा हवा होता. तालुक्याला नर्सबाईंची शाळा निघाली, तिकडं पाय गेला. कोणी आयुर्वेदाचं काढलं, कोणी व्यायामोपचाराचं, कोणी पाठीचा कणा नेला, कोणी गुडघा. जिल्ह्याजिल्ह्यांतली कॉलेजं येऊन जोडली गेली आणि त्याचं विद्यापीठ झालं. प्रत्येकाला वाटे, मुहूर्त हैबतीच्या हाडानं व्हावा. तबकात ठेवून, फुलं वाहून, वाजतगाजत न्यायचे. देवीचं अंग जिथं पडलं तिथं पीठ झालं म्हणतात ना, तसं झालं बघा त्याचं. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. मान म्हणून नेलं हो सगळ्यांनी, आणि ज्या बाईचं होतं तिला विचारायचं राहून गेलं.

सबनीस कुलगुरू झाले, डोक्यावरचे केस गेले, नजर अधू झाली. भिवराही वाकली. एका सर्वपित्रीला ती चढून आली ती इथंच, या करंजाशी बसली. वरपर्यंत जायची ताकद उरली नव्हती. डॉक्टर खाली आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, आता मी जाणार. माझं माणूस द्या."

तेव्हा सबनीसांचा धीर सुटला. त्यांनी सगळ्या कॉलेजांना कळवलं, हैबती परत पाठवा. पेट्या आल्या. उघडल्या तर त्यात दोन कवट्या. मांड्यांची हाडं तर एका माणसाला पुरून उरतील इतकी. पोरं अभ्यासाला हाडं होस्टेलवर नेतात, पास झाली की खालच्या वर्गातल्यांना देऊन जातात, हे चालतच आलेलं. कोणाचं कशात मिसळलं, कुणालाच सांगता येईना. तेव्हा आजच्यासारख्या तपासण्याही नव्हत्या.

सबनीसांनी सगळं इथं चादरीवर मांडलं आणि भिवराईला म्हणाले, मला ओळखू येत नाही, तुम्हीच ओळखा. म्हातारी एकेक हाड उचलून बोट फिरवू लागली. हैबती जवानीत गाडीवरून पडला होता, डावा हात मनगटाच्या वर मोडलेला. वैदूनं बांधला तो वाकडाच बसला, हाडावर सुपारीएवढी गाठ राहिली. तेवढी एकच खूण तिला ठाऊक होती. ती गाठ तिला कशावरच लागली नाही. कारण मास्तर लोकांनी तेच हाड सगळ्यात जास्त फिरवलं होतं, मोडलेलं हाड जुळतं कसं हे पोरांना दाखवायला. जे जास्त हातांत गेलं तेच आधी हरवलं.

ती डॉक्टरला एक शब्द वाईट बोलली नाही, म्हणे. म्हणाली, "शिकली ना पोरं? मग झालं. पण मी वर जाऊन त्यांना काय सांगू?" आणि रडली. डॉक्टरही रडले. मरताना तिनं सांगून ठेवलं, माझ्या अस्थी याच गाडग्यात भरा आणि माझं माणूस सापडेपर्यंत नदीत सोडू नका, मी एकटी जाणार नाही. सबनीसांनीच ते गाडगं या फांदीला बांधलं. दुसऱ्या दिवशी कुलगुरूची खुर्ची सोडली आणि कॉलेजाकॉलेजांत, होस्टेलाहोस्टेलांत हाडं चाचपत हिंडले. असं सांगतात की कुठल्याशा होस्टेलच्या जिन्यावरच त्यांचा जीव गेला.

तेव्हापासून इथं नियम झाला. जो देह देईल त्याचं हाड न् हाड वर्षाच्या आत घरी पोचवायचं, आणि ते शिकणाऱ्या पोरानं स्वतः नेऊन द्यायचं. टपाल नाही, शिपाई नाही. पोरं जातात, त्या घरी जेवतात, पाया पडतात. चांगलं आहे. पण भिवराईच्या काय उपयोगाचं?

आजही पहिल्या वर्षाच्या पोराच्या हातात हाताचं हाड आलं, की ते आधी डोळे मिटून मनगटाच्या वरच्या बाजूला बोट फिरवतं. मास्तर तोवर थांबतात. गाठ लागत नाही. मग पोरं डोळे उघडतात आणि नावं पाठ करायला लागतात. तुमची लेकही करील, तिला कुणी सांगायला लागणार नाही, सगळे करताना दिसतील.

आणि सापडलंच कधी, तर? नदी ही काय, खालीच आहे. फडक्याची गाठ सोडायला मला किती वेळ लागतोय.