'निरुपयोगी' नावाचा फोल्डर

एका तालुक्याच्या गावी निरगुडकर गुरुजी नावाचे एक वृद्ध अभ्यासक राहत असत. कुंभार, साळी, तांबट अशा कारागिरांच्या घरी जायचे, त्यांना त्यांच्या कामाविषयी बोलते करायचे आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा व्यासंग. मात्र हे सारे धन त्यांच्या संगणकावर ज्या अवस्थेत पडले होते, ती पाहून परक्यालाही रडू आले असते. 'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर दोन', आणि त्याच्या पोटात पुन्हा एक 'नवीन फोल्डर'.

त्यांची शिष्या शाल्मली हिने हा पसारा आवरायला घेतला. मुलगी हुशार आणि शिस्तीची. दोन महिने खपून तिने सारे लावून काढले. आधी व्यवसाय, त्यात वर्ष, त्यात विषय. ज्या ध्वनिमुद्रणांत कारागिरीची काहीच माहिती नव्हती, त्यांच्यासाठी दर वर्षात एक वेगळा फोल्डर. आता गुरुजी हे पाहतात कधी आणि शाबासकी देतात कधी, असे तिला झाले होते.

एके सकाळी तांबट आळीतल्या गोदाबाई आल्या. माघात त्यांचे यजमान वारले होते. घरात फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता, आणि अलीकडे तो आवाज आपल्याला नीट आठवेनासा झालाय, याची त्यांना फार भीती वाटत होती. गुरुजी एकदा यंत्र घेऊन घरी आले होते, त्यात काही सापडेल का, असे त्यांनी चाचरत विचारले.

शाल्मलीने गुरुजींच्या वहीत क्रमांक पाहिला आणि अर्ध्या मिनिटात फाइल शोधून काढली. गोदाबाई खुर्ची ओढून पडद्याकडे वळणार, तोच गुरुजींनी हात पुढे करून मॉनिटर बंद केला.

"वहिनी, पाच मिनिटं ओटीवर बसा," ते म्हणाले. "यंत्र जरा तापलंय."

यंत्र मुळीच तापले नव्हते. आपली मेहनत दिसायच्या नेमक्या क्षणी गुरुजींनी असे का करावे, ते शाल्मलीला कळेना. बाई बाहेर गेल्यावर गुरुजींनी मॉनिटर पुन्हा सुरू केला आणि फाइल कोणकोणत्या फोल्डरांत आहे, ते क्रमाने मोठ्याने वाचायला सांगितले.

"तांबट," शाल्मली वाचू लागली. "दोन हजार नऊ. निरुपयोगी." आणि ती थांबली.

"वहिनी चौथी शिकल्या आहेत," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "त्यांना वाचता येतं. बाळ, तुझी रचना उत्तम आहे, मला ती तीस वर्षांत जमली नाही. पण फोल्डरला नाव देताना आत जो कोणी आहे, त्याच्याविषयी आपण बोलत असतो. त्याच्या घरचं माणूस शेजारी बसलंय, असं समजून बोलावं. आपल्या कामाचं नाही, एवढंच आपल्याला कळतं. कुणाच्याच कामाचं नाही, हे आपण कोण ठरवणार?"

शाल्मलीचे डोळे भरून आले. ती ओटीवर गेली आणि यजमानांच्या नावाने फोल्डर करायचा आहे, काय लिहू, असे तिने विचारले. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायची गोदाबाईंना सवय नव्हती. त्या लाजल्या आणि त्यांनी तिच्याकडून पेन्सिल मागून घेऊन कागदावर सावकाश लिहिले, सखाराम मारुती तांबट.

नवा फोल्डर झाला, फाइल त्यात गेली. गोदाबाईंनी आत येऊन ते नाव पडद्यावर मनातल्या मनात वाचले. शाल्मलीने त्यांचा हात माउसवर ठेवला. आधी तांब्यावर पडणारे ठोके ऐकू आले. मग ते थांबले आणि एक खरखरीत आवाज आला, "अगं, उन्हात काय बसलीस? इकडं सावलीत ये. पाय भाजतील." पुढे पुन्हा ठोके.

गोदाबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

'निरुपयोगी' फोल्डरांत उरलेल्या फायलींना काय नाव द्यायचे, ते विचारत शाल्मली दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरू लागली. आपल्याही संगणकावर 'इतर' नावाचा एक फोल्डर असतोच; सवड काढून त्यात एकदा डोकावावे.