टिंग वाजेपर्यंत

एका गावात एक भोळा गडी होता, केरबा नावाचा. सांगितलेलं ऐकायचा, ही त्याची एक खोड. आणि तेवढंच ऐकायचा, ही त्याहून मोठी.

त्याचं लग्न हौसाशी ठरलं. हौसा त्याला मनापासून आवडली होती, तिलाही तो पसंत होता. पण हौसाचे मामा पडले फौजेतले. ते म्हणाले, "मांडवात माझ्यासमोर इंग्रजी बोलला, तर भाची तुमची. नाहीतर वरात रिकामी परत." आता आली का पंचाईत? केरबाला एबीसीडी येत होती, ती डीपर्यंतच.

गावच्या शाळेत नुकतंच एक मशीन आलं होतं. भिंतीवर पडदा आणि वर कॅमेऱ्याचा डोळा. पडदा इंग्रजीत सांगणार, आपण अंगाने करून दाखवायचं. 'जंप' म्हटलं की उडी मारायची, 'सिट' म्हटलं की बसायचं. जमलं की टिंग वाजायचं. संध्याकाळी शाळेतल्या शिक्षिका माळीबाई मोठ्यांनाही शिकवायच्या. केरबा तिकडे जाऊ लागला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "सहा पावलं लांब उभे राहा. पूर्ण अंग दिसल्याशिवाय ते ओळखत नाही."

केरबाने मनाशी गाठ मारून ठेवली. सकाळी दाढी करायला गेला आणि दुकानाबाहेर सहा पावलांवर, भर रस्त्यात उभा राहिला.

न्हावी म्हणाला, "आत ये की."

"आत आलो तर पाय दिसणार नाहीत."

"दाढी करायचीय, पाय कशाला पाहिजेत?"

"मग मला ओळखणार कसं?"

न्हाव्याने वस्तरा ठेवून दिला. केरबा वाढलेल्या दाढीनेच घरी आला.

संध्याकाळी हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, लांब उभं राहायचं ते मशीनपुढे. आणि एका वेळी एकानेच यायचं. दोघं दिसले की ते घोटाळतं."

हेही केरबाने गाठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी हौसाकडची मंडळी लग्नाची बोलणी करायला आली. चांगली अकरा माणसं. केरबा दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "एकेक या. दोघं दिसले की घोटाळा होतो." दहा पाहुणे उन्हात रांगेत, आणि घरात एकटे मामा चहा पितायत. केरबाच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामा मिशीवर हात फिरवून म्हणाले, "पोरगा शिस्तीचा आहे." फौजेतला माणूस, रांग दिसली की खूश.

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "टिंग वाजेपर्यंत तेच तेच करत राहायचं. वाजलं की 'गुड, नेक्स्ट' म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं."

रात्री आई म्हणाली, "केरबा, आमटीत जरा मीठ टाक रे." केरबाने चिमूटभर टाकलं. कान दिला. टिंग काही वाजेना. परत टाकलं. परत कान दिला. मिठाची बरणी अर्धी झाली तेव्हा आईने पळी ताटावर आपटली. टिंग झालं. "गुड, नेक्स्ट" म्हणत केरबा भाताकडे वळला, तेवढ्यात आईने बरणी काढून घेतली. त्या दिवशी जेवण म्हणजे नुसता भात. पण पळीचा इलाज आईने ध्यानात ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट दूर झाला. रीतीप्रमाणे मामा भाचीच्या पाठीशी उभे होते, कान टवकारून. हौसाने केरबाला हार घातला. केरबाने हौसाला घातला. कान दिला. टिंग नाही. हार काढला, परत घातला. टिंग नाही. परत काढला, परत घातला. झेंडूच्या पाकळ्यांचा सडा पडला. गुरुजींचे मंत्र तोंडातच राहिले.

मामा गुरगुरले, "हा इंग्रजी कधी बोलणार? हौसा, चल घरी."

हौसाचे डोळे भरून आले. तशी केरबाची आई तिच्या कानाशी लागली. "पोरी, रडू नको. ती गुरुजींची घंटा वाजव."

हौसाने पूजेतली घंटा उचलली आणि वाजवली. टिंग.

केरबाचा चेहरा फुलला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "गुड!"

मामांनी छाती फुगवली.

"नेक्स्ट!"

"बोलला," मामा म्हणाले. "दिली भाची."

पण केरबाचं लक्ष कुठे होतं? टिंग वाजलं की पुढच्याकडे वळायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. त्याने हौसाच्या गळ्यातला हार अलगद काढला. हौसानंतर पुढचे म्हणजे मामा. तोच हार त्याने मामांच्या गळ्यात घातला, सहा पावलं मागे सरला आणि मन लावून टिंगची वाट बघू लागला.

गळ्यात हार पडलेला बघून मागच्या रांगेतल्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या.