सासऱ्याची गाडी आणि जावयाची फेरी

एका गावात एक गिरणीवाले होते, रंगनाथ नावाचे. दिवसभर गावाचं दळण दळायचे, त्यामुळे भुवयांपर्यंत पांढरे असायचे. पण त्यांची मोटारसायकल लालभडक, तिच्यावर पिठाचा कण दिसायचा नाही. गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. गाडी ते कुणालाच देत नसत. सख्ख्या भावानं मागितली तेव्हा म्हणाले, "तुला पाठीवर बसवून नेतो, पण गाडी मिळायची नाही."

त्यांना एकच लेक, वैजू. ती शहरात दिलेली. जावई उमाकांत स्वभावानं गरीब, कष्टाळू. फक्त पानावर बसला आणि कुणी आग्रह करू लागलं, की त्याच्या बोलण्याला लगाम राहायचा नाही.

अधिक महिना आला. त्याला आपल्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि त्याचं मन मोडायचं नाही, अशी रीत. उमाकांत चौथा धोंडा खाता खाता म्हणाला, "मामा, तुमची गाडी काय इथल्या रस्त्यांसाठी आहे होय? आमच्या शहराबाहेर शर्यतीचा ट्रॅक आहे. महिन्यातून एकदा साध्या माणसांनाही आपली गाडी घेऊन तिथं फिरू देतात. तिथं मी ही गाडी अशी काढली असती, की लोक बघत राहिले असते!"

आता खरी गोष्ट अशी, की उमाकांतला गिअरची गाडी येतच नव्हती. त्यानं आजवर चालवली होती ती बिनगिअरची स्कूटर. पण मामा गाडी कुणाला देत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. मग बोलायला काय जातंय?

रंगनाथांच्या हातातली तुपाची वाटी तिथंच थांबली. नाही म्हणावं, तर महिना धोंड्याचा. दारातून बायको डोळे वटारून बघत होती. ते म्हणाले, "काढू की, जावईबापू! येत्या रविवारीच काढू."

धोंडा उमाकांतच्या घशात अडकला. वैजूनं पाणी दिलं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं तो खाली गेला.

रविवारपर्यंत दोघंही मनात देवाला एकच सांगत होते. उमाकांत म्हणत होता, मामांनी नाही म्हणू दे. मामा म्हणत होते, जावयाला दुसरं काही काम निघू दे. पण तोंडानं कुणीच बोलेना. रविवारी पहाटे दोघं निघाले. "तुम्ही चालवता?" मामांनी विचारलं. "छे छे, मोठ्यांचा मान!" असं म्हणत उमाकांत घाईघाईनं मागं बसला.

ट्रॅकवर आधी गाड्यांची तपासणी होती. लोंबणारं काहीही चालत नव्हतं, म्हणून गाडीला बांधलेली लिंबू-मिरची काढायला लावली. सीटवरचं प्लास्टिकही काढलं. मामांनी डोळे मिटून घेतले. दोन्ही आरशांवर चिकटपट्टी लावली, कारण तिथं मागं बघायचं नसतं, नजर पुढंच ठेवायची असते.

"गाडीत काही खोट असेल तर सांगा," उमाकांत तपासणीवाल्याला म्हणाला. "आम्ही परत जाऊ. आम्हाला राग नाही येणार."

"खोट?" तपासणीवाला म्हणाला. "अहो, इतकी नीट ठेवलेली गाडी सकाळपासून आली नाही. जा, पास!"

गाडीचं कौतुक ऐकून मामांचं तोंड उतरलं, असं पहिल्यांदाच झालं.

मग नंदाताई नावाच्या शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना सावलीत बसवलं. कुठला झेंडा कशासाठी, कुठं वळायचं, हे समजावलं. लाल झेंडा दिसला की सगळ्यांनी वेग सोडायचा, हेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ज्यांना गिअरची गाडी सराईत येत नसेल, त्यांनी आत्ताच हात वर करा. हसणार कुणी नाही. वळणावर लाज कामाला येत नाही, ब्रेक येतो."

उमाकांतचा हात गुडघ्यावरून वीतभर उचलला. पण शेजारी सासरा बसला होता. त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

भाड्याचा चामड्याचा पोशाख घालून तो बाहेर आला, तेव्हा त्याला धड वाकता येत नव्हतं. पोत्यात घातलेल्या भोपळ्यासारखा दिसत होता.

"शोभतोय हो," मामा म्हणाले.

फेरी सुरू झाली. उमाकांतनं दुसऱ्यांचं बघून गिअर टाकला, गाडी बंद पडली. पुन्हा टाकला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी सशासारखी उडी मारून निघाली. पुढं मात्र गिअर बदलायचा असतो हे त्याला कुठं माहीत? पहिल्याच गिअरवर गाडी कोकलत चालली. मामा ट्रॅकच्या कडेच्या भिंतीआड उभे होते. तो आवाज ऐकून ते टाचा उंचावून बघू लागले.

जवळ झेंडेवाला उभा होता. त्यानं विचारलं, "तुमचा माणूस नवखा आहे का? तसं असेल तर बोला, लाल झेंडा दाखवतो."

पन्नास माणसांत जावयाचा अपमान, तोही या महिन्यात! मामांनी घाईनं मान हलवली. "नाही नाही, तयार माणूस आहे," ते म्हणाले.

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत मागून वेगाच्या गाड्या आल्या. सूं करून एक डावीकडून गेली, सूं करून दुसरी उजवीकडून. उमाकांत मधेच नागमोडी झाला. एक गाडी त्याच्या ढोपराला चाटूनच गेली. मामांच्या डोळ्यांसमोर वैजू उभी राहिली. मग मात्र त्यांनी झेंडेवाल्याचा दंड धरला आणि ओरडले, "दाखवा हो झेंडा! त्याला येत नाही! माझ्या जावयाला गाडी येत नाही!"

लाल झेंडा फडकला. सगळ्यांनी वेग सोडला. थांबला नाही तो एकटा उमाकांत. तेवढ्या घटकेपुरता तो खरोखरच सगळ्यांच्या पुढं होता.

स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. या गाडीला तिथं क्लच. उमाकांत डावा दांडा जीव खाऊन दाबत होता. गाडीचा आवाज गप्प झाला, पण उतार असल्यामुळे ती आपली चाललीच होती.

"मामाऽ!" समोरून जाताना तो ओरडला. "ही थांबवायची कशी?"

"उजवा पाय दाबा, जावईबापू!" मामा भिंतीच्या कडेनं पळत होते. "उजवा!"

"पायात काय आहे?"

"ब्रेक आहे ब्रेक! वैजूची शपथ, दाबा!"

उमाकांतनं पाय दाबला, पण तोवर वळण आलं होतं. गाडी वळणापलीकडच्या खडीत शिरली, रुतली आणि हळूच आडवी झाली. उमाकांत बाजूला बसकण मारून पडला.

मामा धावत आले. लाल गाडीला ओरखडे पडले होते, आरसा तुटला होता. मामांनी तिच्याकडं बघितलंही नाही. जावयाला धरलं, हात-पाय चाचपले, बोटं हलवायला लावली, मग त्याच्या शेजारी खडीतच बसले.

"येत नाही म्हणून सांगायचं नाही का हो?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून तर बोललो होतो, मामा! सगळ्या गावाला नाही म्हणता तुम्ही."

"जावयाला नाही कसं म्हणू?"

"मग सासऱ्याला येत नाही कसं सांगू?"

नंदाताई तिथं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मानपानापायी आज माझ्या ट्रॅकवर कुणाचा तरी जीव गेला असता." दोघांनी माना खाली घातल्या.

गाडी उचलली, चालू करून बघितली, चालू झाली. परत निघताना मामा पुढं आणि उमाकांत मागं. मोठा रस्ता लागला तसा मामांनी जरा वेग वाढवला.

"मामा, सावकाश घ्या," उमाकांत म्हणाला. "मला भीती वाटते."

"बरं झालं बोललात," मामा म्हणाले आणि वेग कमी केला. "खरं सांगू? मलाही वाटत होती."

तात्पर्य: जे येत नाही ते येत नाही म्हणावं, आणि जे द्यायचं नाही ते देत नाही म्हणावं. लाज घडीभरात उतरते, हातपाय मात्र जन्मभर पुरवायचे असतात.